पाहुणी म्हणून जा

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे, नर्स म्हणून नोकरी करते. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, सात जणांचा गट एका गरीब देशात तीन आठवड्यांच्या मिशन ट्रिपला चालला आहे. तिथल्या एका लहान मंडळीबरोबर आरोग्य शिबिर, घरभेटी आणि चार दिवस एका अनाथाश्रमात मुलांसाठी कार्यक्रम, असं ठरलं आहे. निघायला नऊ आठवडे उरलेत. पासपोर्ट, लसी, औषधांच्या याद्या सगळं मार्गी लागलं. पाळकसाहेब म्हणतात, आता आत्मिक तयारी करा. त्यांनी वाचायच्या अध्यायांची यादी दिली आहे. मी रोज वाचते, खूण करते, पण प्रार्थनेला बसले की मन कोरडं असतं. खरं सांगू? मी देवाच्या बोलावण्यानं चालले आहे की लोकांनी कौतुक करावं म्हणून, तेच मला कळत नाही. गटात एक मुलगी आहे, तिच्याशी वर्षभर माझं बोलणं नाही. आईला माझं जाणं पटलेलं नाही. आणि सगळ्यांत मोठी भीती ही, की तिथलं दारिद्र्य पाहून मी कोलमडेन, किंवा त्याहून वाईट म्हणजे मला काहीच वाटणार नाही. तयारी म्हणजे नेमकं काय करू?

उत्तर:

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते माझ्या बायबलमध्ये आहे, लूकच्या दहाव्या अध्यायापाशी. तिथंच का ठेवलं, ते आधी सांगते.

त्या अध्यायात प्रभू येशूनं सत्तर जणांना दोघं दोघं करून पुढं पाठवलं (काही जुन्या प्रतींमध्ये बहात्तर आहे). निघताना त्यानं त्यांची जी तयारी करून घेतली ती वाचताना मी दर वेळी थबकते. थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात जाल तिथं आधी 'या घराला शांती असो' म्हणा. त्याच घरात राहा. ते देतील ते खा, प्या. आजाऱ्यांना बरं करा आणि देवाचं राज्य जवळ आलं आहे असं सांगा, हे यानंतर येतं. आधी शांती, मग मुक्काम, मग त्यांच्या पंगतीला बसणं, मग सेवा आणि शेवटी शब्द. आपले दौरे बहुतेक उलट्या टोकानं सुरू होतात. आपण शब्द घेऊन उतरतो, सेवेची खोकी घेऊन उतरतो, आणि त्यांच्या घरी बसायचं वेळ उरला तर.

येशूनं आपल्या माणसांना गरजू करून पाठवलं. रात्री डोक्यावर छप्पर हवं तर त्यांना कुणाचं तरी दार ठोठावायचं होतं. घरधन्यानं आत घेतलं नसतं तर ते उपाशी राहिले असते. तू चालली आहेस त्या देशात तुझ्या बॅगेतल्या वस्तूंची किंमतसुद्धा एखाद्या कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी असेल. तुला कुणाचं दार ठोठवावं लागणार नाही. म्हणून ती गरज, ते दारात उभं राहणं, तुला आधीपासून मनात शिकावं लागेल. मला विचारशील तर तुझ्या नऊ आठवड्यांचं काम हेच आहे. बाकी सगळं त्याच्या पोटात येतं.

माझी एक गोष्ट सांगते. ती मी मंडळीत कधी उभं राहून सांगितलेली नाही. मी एकतीस वर्षांची असताना अशाच एका दौऱ्यावर गेले होते. तिथल्या एका बाईंच्या घरी आम्ही घरभेटीला गेलो. एकच खोली, आणि खोलीत एकच खुर्ची. तिचा एक पाय तारेनं आवळून बांधलेला होता. त्या बाईंनी पदरासारखं जे अंगावर होतं त्याच्या टोकानं खुर्ची पुसली, दोनदा पुसली, आणि मला बसायची खूण केली. मी मान हलवली आणि खाली जमिनीवर बसले. मला वाटलं, किती नम्र आहे मी! माझ्यामागून आमचे सगळेच खाली बसले. खुर्ची तशीच मध्ये उभी राहिली. त्या बाईंचा हात अजून तिच्या पाठीवर होता. त्यांचा चेहरा पडला ते मला दिसलं, पण अर्थ लागला नाही. परतीच्या वाटेवर तिथल्या पाळकांनी मला हळूच सांगितलं, "ती खुर्ची त्यांनी तुमच्यासाठी शेजारून मागून आणली होती."

कितीतरी वर्षं झाली, तरी तो तारेनं बांधलेला पाय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या घरात देण्याजोगं जे एक होतं ते मी घेतलं नाही. मी द्यायला गेले होते, घ्यायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. तुला बसायला सांगतील तिथं बस, बाळ.

हे शास्त्रात नवं नाही. १ राजे १७ मध्ये दुष्काळ पडल्यावर देवानं एलीयाला परक्या मुलखात, सीदोनाकडच्या सारफथला पाठवलं. कुणाकडे? मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलेल्या एका विधवेकडे. तिला मदत कर, असं देव म्हणाला नाही. तुला पोसायची आज्ञा मी तिला केली आहे, असं म्हणाला. एवढा मोठा संदेष्टा, आणि त्याला गावाच्या वेशीपाशी लाकडं गोळा करणाऱ्या बाईकडे पाणी आणि भाकर मागावी लागली. तिच्या घरातलं पीठ सरलं नाही आणि पुढं तिचा मुलगा जिवंत झाला, ते आपल्याला पाठ असतं. पण ते सगळं सुरू झालं एलीयानं मागितल्यावर. आणि पौल २ करिंथच्या आठव्या अध्यायात ज्या मंडळ्यांच्या दानशूरपणाचं कौतुक करतो, त्या मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी आम्हालाही देऊ द्या म्हणून त्यांनीच पौलाची विनवणी केली. गरीब मंडळी म्हणजे फक्त घेणारी मंडळी, हे पौलाच्या गावीही नव्हतं.

आता तुझ्या कोरड्या मनाकडे येते.

कोरडेपणाला घाबरू नकोस. तो बहुतेक वेळा खोट्या प्रार्थनेचा कंटाळा असतो. तू 'त्या देशासाठी' प्रार्थना करतेस, 'गरिबांसाठी' करतेस, 'सुवार्तेसाठी दारं उघडावीत म्हणून' करतेस. इतक्या मोठ्या शब्दांवर कुणाचं मन टिकेल? देशासाठी रडू येत नाही, माणसासाठी येतं. म्हणून आजच तिथल्या पाळकांना पत्र लिहायची व्यवस्था कर. तुमच्या गटप्रमुखांमार्फत जाऊ दे. त्यात तीनच गोष्टी विचार: तुमच्या मंडळीतल्या दहा माणसांची पहिली नावं आणि त्यांच्यासाठी काय मागू, ते सांगाल का? आमच्याकडून तुम्हाला काय नको आहे? आणि तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना कराल का?

दुसरा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि त्याचं खरं उत्तर यायला विश्वास लागतो. कदाचित पहिल्या पत्रात ते नुसतं 'तुम्ही या, आम्हाला आनंद आहे' एवढंच लिहितील. पुन्हा विचार. तिसरा प्रश्न मात्र वगळू नकोस. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो त्यांच्याकडे आपण वरून पाहू लागतो, आणि ज्यांच्याकडून आपण प्रार्थना मागतो त्यांच्याशेजारी जाऊन बसतो.

नावं आली की एका वहीच्या दहा पानांवर दहा नावं लिही. नावाचा उच्चार कसा करतात ते विचारून घे आणि मोठ्यानं म्हणत जा, जीभ वळेपर्यंत. रोज एकच पान. त्या माणसाचं दुखणं, कर्ज, शेत, परीक्षा, जे काही कळलं असेल ते देवापुढं ठेव आणि मग पाच मिनिटं गप्प बस. यादीतले अध्याय वाचणं बंद कर, असं मी म्हणत नाही, पाळकसाहेबांचा मान आहे. पण खुणा करणं बंद कर. मी तुझ्या जागी असते तर सगळं बाजूला ठेवून एकटं लूककृत शुभवर्तमान धरलं असतं, आणि दर वेळी एकच पाहिलं असतं: येशू इथं कुणाच्या घरी जेवायला बसला आहे? लूकमध्ये तो सतत कुणाच्या ना कुणाच्या घरी पाहुणा असतो. लेवीच्या, शिमोन परूश्याच्या, मार्था-मरीयेच्या, जक्कयाच्या. जक्कयाला तर तो स्वतःच हाक मारून सांगतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे.

उपासाबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आठवड्यातून एक वेळचं जेवण सोड. ड्यूटीच्या दिवशी नको, तब्येत बरी नसेल तर मुळीच नको. पण पोटात कळ उठली की एवढं लक्षात ठेव, की तुझी भूक तू निवडलेली आहे आणि संध्याकाळी ती संपणार आहे. जिच्या घरी तू बसायला जाशील तिच्या भुकेला तारीख नाही. उपासानं तू तिच्यासारखी होत नाहीस, आणि आपण त्यांच्यासारखे झालो असं वाटू लागलं तर तो उपास तिथंच मोड.

परक्या राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याचा पहिला आणि दुसरा अध्याय एका बैठकीत वाच. यरुशलेमचा तट पडला आहे ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. राजासमोर तो बोलला निसान महिन्यात. मधले सुमारे चार महिने तो रडला, उपास केला, प्रार्थना केली. पुढं तटाचं काम पुरं झालं ५२ दिवसांत. आणि त्या चार महिन्यांत तो नुसत्या दुसऱ्यांच्या पापांसाठी रडला नाही, मी आणि माझ्या बापाचं घराणं, आम्हीही पाप केलं, असं म्हणाला. दुसऱ्या अध्यायात राजा विचारतो, तुला काय हवं? तेव्हा उत्तर देण्याआधी नहेम्या स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो. किती वेळ मिळाला असेल? एका श्वासाचा. राजा समोर बसलेला होता. शिबिरात रांग लागलेली असताना, कडेवर तापलेलं मूल घेऊन एखादी आई पुढं येईल आणि तुझ्याकडचं औषध संपलेलं असेल, तेव्हा तुलाही तेवढाच श्वास मिळेल. तो श्वास प्रार्थनेचा व्हावा म्हणून हे नऊ आठवडे आहेत.

हेतूचं म्हणशील, तर तुझा हेतू मिसळलेला आहे. माझाही होता. हेतू पूर्ण शुद्ध झाल्यावरच निघायचं ठरवलं तर कुणी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. योना निनवेला गेला तो मनाविरुद्ध, आणि त्या शहरानं पश्चात्ताप केल्यावर रुसूनही बसला. तरी देवानं त्या शहरावर दया केली. तू आपली कौतुकाची हाव देवापुढं नाव घेऊन कबूल कर, आणि तिला उपाशी ठेवायला लाग. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हटलं आहे. या नऊ आठवड्यांत दर आठवड्याला एक काम असं कर, जे तू केलंस हे कुणालाही कधीही कळणार नाही. वॉर्डमध्ये करायला अशी कामं ढिगानं असतात, तुला मी काय सांगावं. आणि गटात आताच ठरवून घ्या, की रुग्णांचे आणि मुलांचे फोटो काढायचे नाहीत. आजारी माणूस आपल्या उपकाराखाली असताना नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे त्यानं दिलेली परवानगी ही खरी परवानगी नसते. तुझ्या स्वतःच्या आईचा, तापात पडलेल्या अवस्थेतला फोटो कुणी परदेशात दाखवला तर तुला चालेल का?

त्या मुलीशी बोल. हे नऊ आठवड्यांपैकी पहिल्याच आठवड्यात कर, विमानतळावर नको. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं येशूनं सांगितलं, ते अर्पण फार मोठं असलं तरी लागू आहे. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बांधवांचा इतिहास इथं आठवतो. जर्मनीतल्या हेर्नहुट या खेड्यात ठिकठिकाणांहून आलेले विश्वासी राहत होते आणि त्यांच्यात भांडणं इतकी होती की सगळं मोडायच्या बेतात होतं. १७२७ च्या उन्हाळ्यात त्यांनी एकमेकांची क्षमा मागितली, ऑगस्टमध्ये एकत्र प्रभुभोजन घेतलं, आणि त्याच महिन्यात तासातासाच्या पाळ्या लावून अखंड प्रार्थना सुरू केली. ती शंभराहून जास्त वर्षं चालली. १७३२ मध्ये त्याच खेड्यातून लिओनार्ड डोबर नावाचा कुंभार आणि डेव्हिड निट्शमान नावाचा सुतार कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरच्या गुलामांकडे निघाले. जगाच्या टोकाला माणसं जाण्याआधी शेजारच्या घरी माणसं गेली होती. तुम्हा दोघींचं लगेच गोड होईल असं मी म्हणत नाही. पौल आणि बर्णबा त्यांचा सोबती मार्क याच्यावरून इतके भांडले की वेगळे झाले, आणि पौलानं मार्काला पुन्हा जवळ बोलावलं ते आयुष्याच्या अखेरीस. पण तू आपल्या बाजूनं जा. 'आपल्याला एकत्र काम करायचं आहे, माझं चुकलं ते हे' एवढं एक वाक्य पुरे. 'पण तुझंही' असं पुढं जोडू नकोस.

आईबद्दल मी थोडी थांबून लिहिते, कारण इथं आपल्या मिशनच्या इतिहासात एक जखम आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी १७९३ मध्ये भारताकडे निघाला. त्याची पत्नी डोरोथी आधी यायला तयार नव्हती, ती गरोदर होती, दिवस भरत आले होते. शेवटी अगदी ऐन वेळी, बहीण सोबत येते म्हणाल्यावर, ती निघाली. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजारात गेला. डोरोथीचं मन त्यानंतर सावरलं नाही, ती मानसिक आजारातच राहिली आणि १८०७ मध्ये वारली. कॅरीचं काम मोठं आहे. तू मला ज्या भाषेत पत्र लिहिलंस तिचं व्याकरण त्यानं १८०५ मध्ये छापलं, वैद्यनाथ नावाच्या मराठी पंडितांपुढं विद्यार्थी म्हणून बसून. हेही तुझ्यासाठी आहे, शिकवायला गेलेला माणूस आधी शिकायला बसला होता. पण डोरोथीचं दुःख त्या मोठेपणाखाली झाकायचा आपल्याला हक्क नाही. तू तीन आठवड्यांसाठी चालली आहेस, जन्मासाठी नाही, तरी आईची भीती ही अविश्वासाची खूण समजू नकोस. तिच्याशी वाद घालू नकोस आणि वचनं सुनावू नकोस. कुठं राहणार, कोण सोबत आहे, आजारी पडलीस तर काय व्यवस्था आहे, किती दिवसांनी फोन करशील, हे तिला शांतपणे सांग. आणि निघायच्या आदल्या रात्री तिलाच डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागायला सांग. तिला पटलेलं नसलं तरी ती हात ठेवेल. मी अजून अशी आई पाहिली नाही जिनं ठेवला नाही.

कॅरीची आणखी एक गोष्ट, शिबिराच्या संदर्भात. भारतात पोचल्यावर सात वर्षं त्याला एकाही भारतीय माणसाचा बाप्तिस्मा करता आला नाही. १८०० च्या डिसेंबरात पहिला झाला तो कृष्ण पाल नावाच्या सुताराचा. त्याचा निखळलेला खांदा कॅरीचा सहकारी डॉक्टर थॉमसनं बसवला, तिथून ओळख झाली होती. तुमच्याकडे तीन आठवडे आहेत. परत आल्यावर आकडे सांगायचा मोह होईल, किती तपासले, कितींनी प्रार्थना केली. तो मोह आताच देवापुढं ठेव.

औषध आणि प्रार्थना यांची गाठ बांधू नका. रांगेत उभ्या असलेल्या आईला औषध हवं आहे, त्यासाठी ती काहीही म्हणेल. तिच्या गरजेवर आपली साक्ष उभी करणं म्हणजे सुवार्तेला लाच जोडणं. जागतिक मंडळी परिषद, व्हॅटिकनचं आंतरधर्मीय संवादाचं मंडळ आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स, या तिघांनी मिळून २०११ मध्ये ख्रिस्ती साक्ष कशी असावी याबद्दल एक निवेदन काढलं. गरिबीचा गैरफायदा घेणारी आमिषं मंडळीच्या सेवेत असता कामा नयेत, हे त्यात स्वच्छ म्हटलं आहे. आपसात एवढे मतभेद असलेली ही तिघं ज्यावर एकत्र आली, त्यावर तुमच्या सात जणांचं एकमत व्हायला हरकत नसावी. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर मोकळेपणानं सांग, घाबरत सांगू नकोस. व्हिसाच्या अर्जावर येण्याचं कारण खरं लिही. खोट्या कागदावर चढून सत्य सांगायला जाता येत नाही. आणि नर्स म्हणून जे काम करायची इथं तुला परवानगी नाही, ते तिथं कुणी अडवणार नाही म्हणून करू नकोस. गरिबाचं शरीर सरावासाठी नसतं.

अनाथाश्रमाचं मला खरंच टोचलं. तुमच्या गटानं हे पुन्हा विचारात घ्यावं असं मी हात जोडून सांगते. जगभरातल्या अशा संस्थांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीपायी ती तिथं येतात, आणि पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहतात म्हणून काही ठिकाणी मुलं मुद्दाम घरातून आणली जातात. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवी भेटींमधून होणाऱ्या नुकसानीची दखल घेतली आहे. ते सोडलं तरी चार दिवसांचं प्रेम मुलाला काय करतं ते नर्स म्हणून तुला कळेल. अनोळखी माणसाच्या गळ्यात लगेच पडणारं मूल आपल्याला गोड वाटतं. खरं तर ते मूल पुन्हा पुन्हा सोडलं गेलेलं असतं. तुम्ही पाचव्या दिवशी निघाल, तेव्हा तुम्ही त्या रांगेतले आणखी सात जण असाल. तिथल्या पाळकांना विचारा, की हे चार दिवस आम्ही मुलांना घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांच्या कामी कसे येऊ? आया आणि सुइणींबरोबर तू बसू शकशील. त्यांना सांगण्यासारखं तुझ्याकडे थोडं आहे, ऐकण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ असेल.

आता तुझी शेवटची भीती. कोलमडशील किंवा काहीच वाटणार नाही. दोन्ही होईल, बहुधा एकाच दिवशी. पहिले काही दिवस मन बधिर होतं, ते देवानं दिलेलं कवच समज. नाइट ड्यूटीला तेच कवच घालून तू काम करतेस, तेव्हा तुला स्वतःची लाज वाटते का? वाटत नाही, मग इथंही वाटू देऊ नकोस. आणि जेव्हा फुटेल तेव्हा रडायचे शब्द तुझ्याजवळ असू देत. आपल्या मंडळ्यांमध्ये स्तुतीची गीतं तोंडपाठ असतात, विलाप कुणाला येत नाही. निघण्याआधी दोन स्तोत्रं पाठ कर, १३ वं आणि ८८ वं. १३ वं 'हे परमेश्वरा, किती वेळ?' असं विचारत सुरू होतं आणि शेवटी भरवशापाशी पोचतं. ८८ वं कुठंच पोचत नाही, अंधारातच संपतं. तेही देवाच्याच वचनात आहे. एखाद्या झोपडीतून बाहेर आल्यावर तुझ्याकडे सांगण्यासारखं काही उरणार नाही, तेव्हा ते स्तोत्र तुझ्या वतीनं बोलेल. तिथं, त्या माणसांसमोर, त्यांच्या परिस्थितीवर हुंदके देऊ नकोस एवढं जप. त्यांना त्या घरात उद्याही राहायचं आहे. आणि 'इतकं कमी असून किती आनंदी आहेत' हे वाक्यही ओठांवर येऊ देऊ नकोस. त्यांचा आनंद प्रभूचा आहे. त्यांची गरिबी प्रभूनं दिलेली देणगी नाही.

परत येण्याचीही तयारी जाण्याआधीच कर. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाच्या मंडळीनं उपास करून, हात ठेवून पौल आणि बर्णबाला पाठवलं, आणि ते परत येऊन त्याच मंडळीसमोर बसले, देवानं काय केलं ते सांगायला. मंडळीतल्या तीन-चार जणांना आताच विचारून ठेव की मी आल्यावर तुम्ही मला तासभर ऐकाल का, फोटो न बघता? ते रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतील आणि तू आल्यावर तुझी चिडचिड सोसतील. चिडचिड होईलच. घरातलं भरलेलं कपाट बघून राग येईल, स्वतःचा आणि घरच्यांचाही. ते सत्तर जण आनंदानं परत आले तेव्हा येशूनं त्यांना सांगितलं, भुतं तुम्हाला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. त्याच अध्यायात थोडं पुढं मरीया त्याच्या पायाशी नुसती बसलेली आहे. परतल्यावर पहिला आठवडा तू तिथं बस. भाषण मागतील, पुढच्या महिन्यात देते म्हण.

एवढं सगळं वाचून पुन्हा यादी करायला बसू नकोस. आज फक्त ते पत्र लिही, तिथल्या पाळकांना. उत्तर आलं की त्यातली पहिली नावं मलाही कळव, त्यांची परवानगी असेल तर. माझ्या वहीत त्या खुर्चीवाल्या बाईंच्या नावाखाली जागा आहे, तिथं लिहून घेईन.